लाकडाला प्लास्टिकचा अंगरखा घालून ‘निसर्गाशी नातं’ सांगता येतं का? (शिल्पकार, डिझायनर लोकांनी बोला)

अर्धवट_सुतार

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, चूकभूल सांभाळून घ्या.

मी पोटासाठी फर्निचर डिझाईन करतो आणि उरलेल्या वेळात शिल्पं. उरलेला वेळ म्हणजे रात्री साडेदहानंतरचा, त्यामुळे शेजाऱ्यांशी माझं नातं कसं आहे ते विचारू नका, सध्या निसर्गाशी असलेल्या नात्याचाच घोळ झालाय.

तर वादळात पडलेल्या एका जुन्या झाडाच्या बुंध्याची आडवी चकती हाताला लागली. अडीच फूट व्यास, आठ इंच जाडी, उचलायला तिघं लागलो. मधे थोडा खोलगट भाग कोरला, कडेला साल ठेवली, म्हटलं बसताही येईल आणि बघताही येईल. तीन आठवड्यांत कडेपासून गाभ्यापर्यंत अशी भेग पडली की चार बोटं आत जातील. घाबरलो. काळा रंग मिसळून इपॉक्सी (ओतल्यावर प्लास्टिकसारखं कडक होणारं रेझिन) ओतलं, घासलं, वरून पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) चार कोट मारले, आरशासारखं चकचकीत झालं. एका ग्रुप शोमध्ये ठेवलं आणि खाली पाटी लावली, ‘माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याचा शोध’. आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या, चकतीवरून नीट सावकाश हात फिरवला, पाटी वाचली, परत हात फिरवला आणि मला विचारलं, “हे प्लास्टिक आहे का रे?” मी म्हटलं नाही आजी, खरं लाकूड आहे. “बरं” म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या ‘बरं’चा अर्थ लावत बसलोय अजून.

आणि परवा रात्री खोलीत टक्क असा आवाज झाला, उठून बघतो तर इपॉक्सीच्या शेजारी, बरोबर एक बोट सोडून, नवीन भेग.

प्रश्न दोन आहेत. एक म्हणजे हे विषय ज्यांनी खरंच हाताळलेत, त्यातही जे शिल्पकार पण आहेत आणि वापरायच्या वस्तूही डिझाईन करतात, त्यांनी हे कसं सोडवलं? दुसरा, या चकतीचं करू काय?

रंधा_आणि_धांदल

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. भेग ही तुमची चूक नाही, चकती म्हटली की भेग आलीच. ओलं लाकूड सुकताना आक्रसतं पण सगळीकडून सारखं नाही. वर्तुळांच्या दिशेने, म्हणजे परिघाच्या बाजूने, ते साधारण दुप्पट आक्रसतं आणि गाभ्याकडून सालीकडे निम्मंच. म्हणजे परिघ कमी व्हायला बघतोय आणि त्रिज्या तितकी कमी होत नाहीये, मग कुठेतरी फाटणारच, आणि फाटतं ते पाचरीसारखं, बाहेर रुंद आणि गाभ्याकडे निमुळतं. तुम्ही त्या पाचरीत कडक माल भरून ठेवलात. लाकूड सुकायचं थांबलं नव्हतं, त्याने शेजारी दुसरी वाट काढली. वरून पीयू मारून ओल आत कोंडलीत ती वेगळीच. मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजायचं यंत्र) लावला होता का? नसणारच.

आता पहिल्या प्रश्नाचं. डेव्हिड नॅश हा शिल्पकार बघा. वेल्समध्ये ब्लायनाय फेस्टिनिओग म्हणून जागा आहे, तिथे १९६० च्या दशकात एक जुनं चॅपल घेऊन त्यात हा माणूस राहिला आणि जन्मभर लाकूड केलं. त्याने ओक झाडाच्या ओल्या लाकडाचे ठोकळे जोडून खोके केले, मुद्दाम ओल्याच लाकडाचे, म्हणजे ते पुढे वाकणार, फाटणार हे धरूनच, आणि त्यांना नावच दिलं ‘क्रॅकिंग बॉक्स’. तुम्ही जिला घाबरलात तिला त्याने कामाला लावलं.

पण त्याची खरी भारी गोष्ट म्हणजे ‘वूडन बोल्डर’. १९७८ साली एका मोठ्या ओकमधून त्याने दगडासारखा दिसणारा एक प्रचंड लाकडी गोळा कापला. स्टुडिओत न्यायचा होता, रस्ता नीट नाही, म्हणून ओढ्यात ढकलला की पाण्यानेच खाली जाईल. तो धबधब्यात अडकला. दुसरा कोणी असता तर चेनपुली लावून काढला असता आणि ओढ्याला शिव्या घातल्या असत्या. नॅशने तो तिथेच राहू दिला आणि मग पंचवीस वर्षं त्याचे फोटो काढत, चित्रं काढत, नकाशे करत त्याच्या मागे मागे फिरला. पूर आला की गोळा थोडा पुढे, मग काही वर्षं एका जागी, कधी बर्फात, कधी पुलाखाली अडकलेला. शेवटी नदीत, नदीतून खाडीत आणि २००३ ला गायब. समुद्रात गेला असं धरून सगळे गप्प बसले, तर २०१३ ला खाडीत परत दिसला! नंतर पुन्हा नाहीसा झाला.

यात कोरीवकाम किती, तर सुरुवातीचे काही दिवस. बाकी सगळं पाण्याने केलं. नॅशने फक्त हात मागे घेतला, आणि तेच आपल्याच्याने होत नाही, माझ्याच्याने तर नाहीच नाही, मी रात्री उठून टेबलाच्या पायाला पॉलिश मारणारा माणूस आहे.

दगडफोड्या

अरे, ‘हे प्लास्टिक आहे का’ ही तुला फुकटात मिळालेली समीक्षा आहे, जपून ठेव. (वयाने मोठा असेन असं धरून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.)

शिल्पकार आणि डिझायनर दोन्ही म्हणतोस तर इसामू नोगुचीला टाळून चालणारच नाही. लोकांना तो कॉफी टेबलवाला म्हणून माहीत. दोन वाकडे लाकडी तुकडे एकमेकांत अडकवलेले आणि वर जाड काच, ते हर्मन मिलर या फर्निचर कंपनीने १९४० च्या दशकात बाजारात आणलं. फर्निचरवाला आहेस म्हणजे त्याची नक्कल कधी ना कधी तूही कोणाला करून दिली असशील, खरं सांग. जन्म १९०४, बाप जपानी कवी, आई अमेरिकन, लहानपण जपानात, तिथे पोरवयात सुताराकडे हत्यारं धरायला शिकला. १९२७ ला पॅरिसात ब्रांकुशी या शिल्पकाराच्या हाताखाली काही महिने उमेदवारी केली. पुढे १९४९ च्या सुमारास फेलोशिप घेऊन जगभर हिंडला तेव्हा जंतरमंतरची यंत्रं बघून त्यांचे ढीगभर फोटो काढले. त्याला कुठेतरी हे शिल्प, ही इमारत, हे हत्यार असे कप्पेच मान्य नव्हते.

१९५१ ला तो जपानात गिफूला गेला, कंदील आणि छत्र्यांचं गाव ते. तिथल्या कंदिलांवरून त्याने ‘अकारी’ दिवे केले. कसे करतात ते बघ, तुला आवडेल. लाकडी फळ्यांचा साचा उभा करतात, त्यावर बांबूची बारीक कामटी वरून खालपर्यंत गुंडाळत नेतात, त्यावर तुतीच्या सालीचा कागद पट्ट्यापट्ट्यांनी चिकटवतात, वाळला की आतला साचा सुटा करून तोंडातून एकेक फळी बाहेर काढतात. उरतं काय, तर बांबू, कागद आणि हवा. दाबला की चपटा होतो. असे शंभरावर प्रकार त्याने केले. त्याला शिल्प म्हण नाहीतर दिवा म्हण, त्याने स्वतः फरक केला नाही, त्याचं म्हणणं असं की कागदातून गाळला की विजेचा उजेड परत उन्हाकडे जातो. आता तो कागद फाटतो, पिवळा पडतो, हे काय त्याला माहीत नव्हतं? वर प्लास्टिकचा कोट मारला असता तर टिकला असता आणि मेला असता.

दगडाचं सांगतो कारण तो माझा प्रांत. शेवटची वीसेक वर्षं तो शिकोकू बेटावर मुरेला दगडकाम करायचा, तिथला मासातोशी इझुमी म्हणून पाथरवट त्याच्याबरोबर. बेसाल्टचा मोठा गोटा वर्षानुवर्षं हवापाणी खाऊन वरून तांबूस-पिवळा होतो, साल धरते त्याला. टाकी मारली की आत काळाभोर राखाडी निघतो, घासून पॉलिश केला तर पाण्यासारखा. नोगुची काय करायचा, तर अख्खा दगड सोलायचाच नाही. चार ठिकाणी हात, कुठे कापलेला सपाट भाग, कुठे टाकीचे नुसते घाव, कुठे दगड फोडताना मारलेल्या ड्रिलच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या तशाच, आणि बाकी सगळी साल जशीच्या तशी. तुला दिसतं की इथपर्यंत दगड होता आणि इथे माणूस आला. मी स्वतः छिन्नी घेऊन हे करायला गेलो, पहिल्याच दिवशी कळलं की सगळं गुळगुळीत करणं सोपं असतं, कुठे थांबायचं ते अवघड. तीन दगड वाया घालवले आणि चौथा नुसताच अंगणात ठेवून दिला.

कट्टेकरी

आजींना समीक्षक म्हणून नेमा. एका वाक्यात निकाल.

शंकेखोर

सगळं छान आहे पण मला या ‘निसर्गाशी संवाद’ प्रकाराचा जरा कंटाळा आलाय, स्पष्टच बोलतो.

दगडफोड्याकाकांनी नोगुचीचं इतकं कौतुक केलंय तर हेही सांगा की न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ एका बँकेच्या चौकात त्याने १९६० च्या दशकात जमिनीखाली दिसणारी गोल बाग केली, आणि तिथले दगड आले कुठून तर जपानातल्या उजी नदीतून. नदीच्या पात्रातून उचलायचे, समुद्र ओलांडून बँकेच्या तळघराशी मांडायचे आणि म्हणायचं निसर्ग. नदीला विचारलं होतं का कोणी?

दुसरे मायकेल हायझर. २०१२ ला लॉस एंजेलिसच्या म्युझियमबाहेर ३४० टनांची एक शिळा मांडली, ती खाणीतून आणायला खास गाडी बांधली आणि शंभरावर मैलांचा रस्ता अकरा रात्रींत पार केला. तिसरे ओलाफुर एलियासन, ग्रीनलंडच्या समुद्रातून हिमनगाचे तुकडे काढून २०१४ ला कोपनहेगन, २०१५ ला पॅरिस, २०१८ ला लंडन असे चौकात वितळायला ठेवले, लोक त्यांना मिठ्या मारतायत, कान लावतायत, सेल्फी काढतायत. त्यांनी कार्बनचा हिशोब स्वतःच जाहीर केला हे मान्य, तेवढी सचोटी आहे, पण बर्फ वितळतोय हे सांगायला बर्फच ट्रकमधून आणायचा म्हणजे कमाल आहे. धागाकर्त्याच्या इपॉक्सीला हसण्याआधी हे बघा, त्या बिचाऱ्याने निदान पडलेलं झाड वापरलंय.

दगडफोड्या

उजीचे दगड हा मुद्दा खरा आहे, मलाही तो खुपतो, त्यात मी नोगुचीची वकिली करणार नाही. पण एकच बाजू नको. साप्पोरोला मोएरेनुमा पार्क बघ. शहराचा कचरा टाकायची जागा होती ती. १९८८ ला त्याने अख्ख्या जागेचा आराखडा केला, मॉडेल केलं आणि त्याच वर्षी डिसेंबर संपता संपता गेला. पुढे इतरांनी ते काम पुरं केलं, पूर्ण पार्क उघडलं २००५ ला. तिथली टेकडी न जळणारा कचरा आणि बांधकामाची माती टाकून उभी केलेली आहे, आणि काचेचा जो पिरॅमिड आहे तो उन्हाळ्यात गार ठेवायला हिवाळ्यातला साठवलेला बर्फ वापरतात. म्हणजे तुझा बर्फ, पण ट्रकमधून देश न ओलांडता. शिवाय असं खेळायचं डोंगरासारखं मैदान तो १९३३ पासून न्यूयॉर्कवाल्यांना दाखवत होता, तेव्हा त्याला उडवून लावलं होतं. पन्नास वर्षं एक टेकडी डोक्यात घेऊन फिरला माणूस.

पाणवठा

मी लँडस्केप डिझाईन करते म्हणून इतका वेळ हात शिवशिवत होते. शंकेखोर, तुमचा प्रश्न रास्त आहे पण उत्तर ‘काहीच करू नका’ असं नाही निघत. वस्तू कुठून आली, संपल्यावर कुठे जाणार, हेही कामातच धरणारे लोक आहेत.

माया लिन ही अमेरिकन डिझायनर-शिल्पकार घ्या. व्हिएतनाम युद्धस्मारकाची स्पर्धा १९८१ ला जिंकली तेव्हा ती एकवीस वर्षांची विद्यार्थिनी होती, तेही मुळात जमिनीला दिलेला एक काप आहे, दोन काळ्या भिंती आणि उतरत जाणारी वाट. २०२१ ला तिने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये ‘घोस्ट फॉरेस्ट’ केलं. ४९ सीडरची उंच झाडं, उभी पण मेलेली, हिरव्यागार बागेच्या मधोमध. ही झाडं न्यू जर्सीच्या किनाऱ्याकडच्या जंगलातली, समुद्राचं खारं पाणी आत शिरून मरत चाललेली, तशीही काढलीच जाणार होती. सहाएक महिने लोकांनी त्यांच्याखाली डबे खाल्ले, पोरं पळाली, आजूबाजूची झाडं फुलली आणि मग त्यांची पानं गळली आणि तेव्हा म्हणे कळेना की मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं. नंतर त्या लाकडातून मुलांनी होड्या बांधल्या. याला मी हिशोब पुरा करणं म्हणते.

जोसेफ बॉइस या जर्मन कलाकाराचंही एक आठवतं. १९८२ ला जर्मनीत कासेलला त्याने ७००० बेसाल्टचे खांब म्युझियमसमोर ढीग करून टाकले आणि सांगितलं की शहरात एक झाड लावलं की त्याच्याशेजारी रोवायला यातला एक दगड उचलायचा. म्हणजे ढीग किती उरला त्यावरून काम किती उरलं ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं. लोक चिडले होते त्या ढिगावर. तो १९८६ ला गेला, शेवटचं झाड १९८७ ला त्याच्या मुलाने लावलं. गंमत अशी की सुरुवातीला रोपाशेजारी दगड दांडगा दिसायचा, आता झाडापाशी दगड शोधावा लागतो. दगड तेवढाच आहे.

आणि काका, नोगुचीचं कॅलिफोर्नियातलं काम राहिलं तुमचं! कोस्टा मेसाला काचेच्या ऑफिसांच्या मधे १९८२ ला पूर्ण झालेली ती जेमतेम दीड एकराची जागा, ‘कॅलिफोर्निया सिनॅरिओ’. उंच त्रिकोणी भिंतीतून पाणी खाली येतं, फरशीतून नागमोडी वाहतं आणि शेवटी एका गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पिरॅमिडखाली गडप होतं. त्या पिरॅमिडचं नाव ‘वॉटर यूज’. बस, पुढे एक शब्द नाही. डोंगरातलं पाणी माणसाच्या घडीव आकाराखाली जातं आणि दिसेनासं होतं. मी माझ्या क्लायंटना हा फोटो दाखवते, ते म्हणतात छान आहे, पण कारंजं उंच उडायला हवं.

धागाकर्ते, तुमच्या पाटीवर ‘नातं’ हा शब्द आहे म्हणून विचारते, या चकतीच्या बाबतीत त्या झाडाची बाजू कुठे होती? तिने एकदाच तोंड उघडलं, तुम्ही त्यात इपॉक्सी ओतलंत.

अर्धवट_सुतार

पाणवठाताई, शेवटचं वाक्य वाचून मी लॅपटॉप बंद करून चहा करायला गेलो.

रंधाभाऊ, मॉइश्चर मीटर काल उसना आणून लावला. सालीकडे १३, गाभ्याजवळ २४ टक्के. म्हणजे अजून भरपूर सुकायचंय. पीयू सगळा घासून काढायला घेतलाय, अर्धा झाला. प्रश्न असा की इपॉक्सी काढू का, आणि काढलं तर दोन्ही भेगा अशाच सोडू की मागून करवतीने काप देऊ? जुन्या कामांत खांबाला मागून गाभ्यापर्यंत काप द्यायचे असं वाचलंय.

आणि शंकेखोर, बाजू घेतल्याबद्दल आभार, पण त्या इपॉक्सीवर मीही हसलोच.

रंधा_आणि_धांदल

काप द्यायची रीत खरी आहे, जपानी सुतार खांबाला देतात, म्हणजे भेग कुठे पडायची ते आपण ठरवायचं आणि ती भिंतीकडे लपवायची. पण ती भेग पडायच्या आधीची युक्ती. तुमच्याकडे लाकडाने ठरवून टाकलंय, आता मागून काप देणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव. इपॉक्सी मात्र काढा, ते असेपर्यंत ती भेग हलणार नाही आणि लाकूड तिसरीकडे फाटेल. हीट गनने हळूहळू मऊ करा, एकदम तापवू नका, खिडक्या उघड्या ठेवा. मग वर्षभर सावलीत, वाऱ्याला, पण उन्हात नाही, खाली दोन पट्ट्या घालून जमिनीपासून उचलून ठेवा आणि हात लावू नका. हे शेवटचं तुम्हाला सगळ्यात जड जाईल.

अवांतर, नॅशचंच एक राहिलं. १९७७ ला त्याने अ‍ॅश नावाच्या झाडाची २२ रोपं गोलात लावली आणि वर्षानुवर्षं छाटून, वाकवून त्यांचा घुमट केला, ‘अ‍ॅश डोम’. म्हणाला हे एकविसाव्या शतकासाठी. शतक आलं, घुमट झाला, आणि युरोपभर अ‍ॅशला मारणारी बुरशी तिथेही पोचली. म्हणजे चाळीस वर्षांचं काम डोळ्यादेखत मरताना बघायचं. त्याने औषधं मारत बसण्यापेक्षा भोवतीने ओकची रोपं लावली.

शंकेखोर

बुरशीचं माहीत नव्हतं. हे आवडलं, काय करणार.

अर्धवट_सुतार

अपडेट. आज इपॉक्सी काढलं. दीड तास लागला. एका बाजूने लाकूड आक्रसून आधीच सुटलं होतं, दुसऱ्या बाजूने हीट गन आणि बोथट छिन्नी. शेवटी करकर करत अख्खा तुकडा एकसंध हातात आला. आठ इंच उंच, एका बाजूला चार बोटं रुंद आणि दुसरीकडे कागदासारखा पातळ, काळा, दोन्ही अंगांना लाकडाचे तंतू चिकटलेले, प्रत्येक वर्तुळाची रेघ त्यावर उमटलेली, मी मोजली तर त्र्याहत्तरपर्यंत आलो आणि मग निमुळत्या टोकाला दिसेनाशा झाल्या. भेगेचा साचा झालाय म्हणा ना.

चकती कोपऱ्यात पट्ट्यांवर ठेवली. तो काळा तुकडा टेबलावर उभा करून ठेवलाय आणि मघापासून तोच बघतोय. खोटं कशाला बोलू, माझ्या शोमधल्या कामापेक्षा हा बरा दिसतोय. आणि हा प्लास्टिक आहे का विचारलं तर हो म्हणता येईल.

पाणवठा

फोटो टाका! आणि त्याला पॉलिश करू नका, हात बांधून ठेवा.

रंधा_आणि_धांदल

फोटो टाकाच. पीयू घासताना मास्क लावला होता ना?